नवा क्लच आणि संपलेले आटे: एका मारुती ८०० चं प्रकरण

गाडी मारुती ८००, नव्वदच्या दशकातली, कार्ब्युरेटरची, चार गिअरची. मालक चिपळूणचे निवृत्त शिक्षक. मुलगी कराडला असते, म्हणून कुंभार्ली घाटातून नेहमीचं येणं-जाणं. घाटात गाडी चढेना, इंजिन नुसतं ओरडतंय आणि गाडी तिथल्या तिथे, अशी मूळ तक्रार होती. ती सरळ होती, क्लच प्लेट संपली होती. एका गॅरेजमध्ये त्यांनी पूर्ण सेट बदलून घेतला: क्लच प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग. गिअरबॉक्स उतरवलेलाच होता, त्यामुळे खडखडणाऱ्या रिलीज शाफ्टचे बुशही नवीन टाकले. एवढ्यापर्यंत कामात नाव ठेवायला जागा नाही.

त्यानंतर गाडी चढायला लागली, पण गिअर पडेनात. पहिला गिअर ढकलून टाकावा लागायचा आणि रिव्हर्सला तर दात घासल्याचा कर्रर्र आवाज. गाडी परत नेली की क्लच केबलचा नट आवळून मिळायचा, चार दिवस बरं चालायचं आणि पुन्हा तेच. "नवीन प्लेट आहे, रुळेल," असंही सांगून झालं. मग क्लच केबल नवीन पडली. पेडल दोन दिवस हलकं वाटलं आणि पुन्हा जड व्हायला लागलं. शेवटी सरांनी मुलीकडे आल्यावर गाडी आमच्या कराडच्या गॅरेजला लावली.

"रुळेल" या शब्दाबद्दल आधी बोलतो, कारण तो गिऱ्हाइकाला परत पाठवायला फार सोयीचा आहे. नवीन प्लेट खरंच रुळते. तिचं लायनिंग फ्लायव्हीलवर, म्हणजे इंजिनबरोबर फिरणाऱ्या जड चाकावर, सगळीकडून सारखं बसायला थोडं चालणं लागतं, आणि तोवर गाडी उचलताना किंचित थरथर येऊ शकते. पण पेडल तळाशी दाबूनही क्लच सुटत नसेल, म्हणजे इंजिन गिअरबॉक्सपासून वेगळं होत नसेल, तर तो रुळण्याचा प्रश्न नव्हे. तिथे दाबाचा प्रवासच कमी पडतो आहे किंवा प्लेट कुठेतरी अडकते आहे. दोन्ही गोष्टी वाट बघून सुधारत नाहीत. उलट रोज रिव्हर्सचे दात घासतात. या गिअरबॉक्समध्ये रिव्हर्सला सिंक्रो, म्हणजे गिअर पडण्याआधी वेग जुळवून देणारी कडी, नाही, म्हणून क्लचचा दोष सगळ्यात आधी तिथेच ओरडतो.

पहिली खात्री करायची होती ती दोष क्लचचा की गिअर लिव्हरच्या दांड्यांचा याची. इंजिन बंद ठेवून चारही गिअर आणि रिव्हर्स टाकून पाहिले. लोण्यासारखे पडले. म्हणजे लिव्हरपासून गिअरबॉक्सपर्यंतचं सगळं ठीक. इंजिन चालू करून न्यूट्रलला ठेवलं, पेडल पूर्ण दाबून धरलं आणि थोडं थांबून रिव्हर्स टाकला. क्लच पूर्ण सुटला असेल तर तेवढ्या वेळात गिअरबॉक्सचा इनपुट शाफ्ट फिरायचा थांबतो आणि रिव्हर्स गप्प पडतो. इथे कितीही थांबा, आवाज तसाच. मग मागच्या चाकांना लाकडी ओट लावली, पुढची बाजू घोडींवर घेतली, पेडल दाबून पहिल्या गिअरला इंजिन चालू ठेवलं. चाक स्वतःहून फिरत राहिलं. क्लच सुटत नाही हे पक्कं झालं.

आता पेडल. स्टीलची पट्टी फ्लोअरला टेकवून बोटाने पेडल हळूच दाबायचं. सुरुवातीला ते सैल जातं, मग जोर लागायला लागतो. त्या सैल अंतराला फ्री प्ले म्हणतात. या जातीच्या छोट्या सुझुकी गाड्यांत तो पेडलवर साधारण १५ ते २५ मिलिमीटर असावा, आणि गिअरबॉक्सच्या बाजूला केबल जो ओढते त्या रिलीज आर्मच्या टोकाशी २ ते ४ मिलिमीटर. मधल्या लिव्हरच्या गुणोत्तरामुळे आर्मचा एक मिलिमीटर पेडलवर पाच-सहा होतो. या गाडीत पेडलवर जेमतेम ४ मिलिमीटर निघाला. म्हणजे केबल जवळजवळ ताठ.

माझ्या मते सगळं प्रकरण या एका आकड्यात होतं. फ्री प्ले जास्त असेल आणि क्लच सुटत नसेल, तर नट आवळा, काम झालं. पेडलचा अर्धा प्रवास सैल केबल ओढण्यातच वाया जात असतो. पण फ्री प्ले उरलेलाच नाही आणि तरी क्लच सुटत नाही, तर नटाकडे आता देण्यासारखं काही नाही. तिथून पुढे आवळाल तेवढं रिलीज बेअरिंग सतत प्रेशर प्लेटवर टेकून फिरत राहणार, आणि थोड्या दिवसांत नवीन बेअरिंगचं वाटोळं. याआधी प्रत्येक वेळी नेमकं तेच होत आलं होतं.

बॉनेट उघडून टॉर्च मारला तर केबलच्या टोकाला आणखी एक गोष्ट दिसली. केबलच्या शेवटी आटे पाडलेला रॉड असतो, तो आर्मच्या टोकातल्या पिनेतून जातो आणि पलीकडे ॲडजस्टिंग नट. इथे नट आट्यांच्या अगदी शेवटाला जाऊन बसला होता. तेवढ्यानेही भागलं नाही म्हणून नट आणि पिन यांच्यामध्ये जाड पाइपचा बोटाच्या पेराएवढा तुकडा कापून घातला होता. हा जुगाड आपल्याकडे नवा नाही. केबल ताणली गेली, आटे संपले, आणि गाडी रात्रीतून गावी न्यायची असली तर मीही त्याला हसणार नाही. पण नव्या क्लचवर, नव्या केबलवर तो असण्याचं कारणच काय?

इथे थोडं आतलं यंत्र समजून घ्यावं लागेल. प्रेशर प्लेटच्या मध्यभागी डायफ्राम स्प्रिंगची बोटं असतात. पेडल दाबलं की केबल आर्म ओढते, आर्म शाफ्ट फिरवतो, शाफ्टवरचा फोर्क रिलीज बेअरिंगला पुढे ढकलतो आणि बेअरिंग त्या बोटांना फ्लायव्हीलकडे दाबतं. बोटं मधून दाबली गेली की प्रेशर प्लेटची कडा मागे येते आणि क्लच प्लेट मोकळी होते. प्लेट जशी झिजते तशी प्रेशर प्लेट फ्लायव्हीलकडे सरकते आणि बोटांची टोकं उलट दिशेने, म्हणजे बेअरिंगकडे येतात. म्हणून झिजत्या क्लचला फ्री प्ले आपोआप कमी होतो आणि मिस्त्री वर्षानुवर्षं नट थोडा थोडा सैल करत जातो. नवीन जाड प्लेट बसली की बोटं पुन्हा आत जातात आणि फ्री प्ले एकदम वाढतो. त्यामुळे नवीन क्लचवर नट आवळावा लागणं बरोबरच आहे. मात्र आट्यांवर त्याची एक ठरलेली जागा असते: कंपनीतून गाडी निघताना नट होता त्याच्या आसपास. पुढे प्लेट झिजल्यावर सैल करायला वाव हवा आणि केबल ताणली तर आवळायलाही. नवीन क्लच, नवीन केबल, आणि नट मात्र आटे संपवून पाइपच्या तुकड्यावर, हे जमतच नाही. या तिघांच्या पलीकडे काहीतरी जागा सोडून बसलंय.

संशयित बरेच होते. केबलच्या बाहेरच्या नळीचं टोक फायरवॉलमध्ये (इंजिन आणि बसायची जागा यांच्यामधला पत्रा) किंवा गिअरबॉक्सवरच्या ब्रॅकेटमध्ये नीट बसलं नसेल, तर पेडल दाबल्यावर नळीच सरकते आणि ओढ वाया जाते. सायकलच्या ब्रेकची नळी खाचेतून निघाली की जसं होतं, तसंच. पेडलच्या वरच्या टोकाचा बुश झिजला असेल. फोर्कच झिजला किंवा वाकला असेल. क्लच प्लेट उलटी बसली असेल, म्हणजे हबचा उंच भाग गिअरबॉक्सऐवजी फ्लायव्हीलकडे. किंवा गिअरबॉक्स चढवताना त्याचं वजन इनपुट शाफ्टवर लोंबकळून प्लेटच वाकली असेल. एकट्याने जॅकवर गिअरबॉक्स चढवणाऱ्यांच्या हातून हे होतं, आणि असली प्लेट कधीच पूर्ण सुटत नाही. शेवटची तीन कारणं निघाली तर गिअरबॉक्स पुन्हा खाली. म्हणून आधी बाहेरून जे दिसतं आणि मोजता येतं ते संपवायचं.

पोराला पेडलवर बसवलं आणि मी आर्मजवळ पट्टी धरली. "सावकाश दाब, आणि मी थांब म्हटलं की तिथेच धरून ठेव." आर्म आला, आला आणि थांबला. पेडल मात्र आणखी खाली गेलं. आर्मच्या टोकाचा एकूण प्रवास १७ मिलिमीटर. गॅरेजमध्येच सर्व्हिसिंगला आलेली दुसरी ८०० उभी होती, तिचा क्लच चांगला होता. तिच्या आर्मचं टोक तशाच मोजणीत २५ मिलिमीटर सरकलं. आठ मिलिमीटर कुठे गेले, ते वाकून नीट पाहिल्यावर कळलं. आर्म पेडलच्या शेवटच्या टप्प्यात केबलच्या ब्रॅकेटला जाऊन टेकत होता. ब्रॅकेटच्या कडेला ताजा चकचकीत घासही पडला होता. आर्म अडला की पुढचा जोर केबलची नळी दाबण्यात आणि फायरवॉलचा पत्रा आत-बाहेर करण्यात जात होता. पेडल खाली जाताना दिसतं, पायाला जडही लागतं, पण बेअरिंगपर्यंत त्यातलं काहीच पोहोचत नाही.

आर्म ब्रॅकेटला टेकतो म्हणजे तो मुळातच ब्रॅकेटकडे जास्त झुकलेला बसलाय. हा आर्म रिलीज शाफ्टवर बारीक दात्यांवर बसतो आणि बोल्टने आवळला जातो. कुठल्याही दातावर बसतो, अडत नाही, हीच गोची. म्हणून कंपनी शाफ्टच्या टोकावर आणि आर्मवर एकेक पंच मार्क देते. दोन ठिपके समोरासमोर आले की आर्मचा कोन बरोबर. तेलमातीच्या थराखाली ते दिसत नाहीत. रॉकेल आणि तारेचा ब्रश मारल्यावर दोन्ही ठिपके उघडे पडले. एकमेकांपासून एक दात बाजूला.

बुश बदलताना शाफ्ट बाहेर काढावा लागतो आणि त्यासाठी आर्म उतरवावा लागतो. परत बसवताना ठिपके पाहिले गेले नाहीत, एवढंच घडलं होतं. एक दात म्हणजे आर्मच्या टोकाला या गाडीत सेंटीमीटरच्या आसपास फरक. टोक ब्रॅकेटकडे आलं, त्यामुळे केबलचा आट्यांचा रॉड पिनेतून तेवढाच जास्त बाहेर निघाला, नट पुढे पुढे जात आटे संपले आणि मग पाइपचा तुकडा आला. पहिल्या चुकीवर दुसरा उपाय इतका व्यवस्थित बसला की फ्री प्ले न मोजता पाहिलं तर 'ॲडजस्टमेंट झालेली' दिसावी.

नट पूर्ण सैल केला, केबल पिनेतून काढली, बोल्ट काढून आर्म ओढला, ठिपके जुळवून परत बसवला. पाइपचा तुकडा सरांच्या हातात दिला. नट आता आट्यांच्या जवळजवळ मध्यावर आला आणि पेडलवर २० मिलिमीटर फ्री प्ले मिळाला. आर्मचा प्रवास परत मोजला: फ्री प्लेसकट २४ मिलिमीटर, आणि ब्रॅकेटपासून पेडल तळाशी असतानाही मोकळी जागा. रिव्हर्स आवाज न करता पडला. घोडींवरचं चाक पेडल दाबल्यावर थांबलं. प्लेट उलटी किंवा वाकलेली असती तर आर्मचा पूर्ण प्रवास मिळूनही चाक फिरत राहिलं असतं. तेव्हा गिअरबॉक्स उतरवायचा विचार तिथेच सोडला.

सुटे आर्म बाजारात मिळतात त्यांतल्या काहींवर पंच मार्क नसतो. तेव्हा आर्म काढण्याआधीच छिन्नीच्या टोकाने शाफ्ट आणि आर्म दोन्हींवर आपली खूण मारून ठेवावी. पाच सेकंदांचं काम आहे.

गाडी इथेच द्यायला हरकत नव्हती, पण पेडल अजून जड होतं. आर्म ब्रॅकेटला अडत होता तोवर जडपणाला कारण होतं, आता राहिलं नव्हतं. केबल तर नवीन, आणि सर सांगत होते की तीही दोन दिवसांत जड झाली. केबल दोन्ही टोकांनी सोडवून आतली तार हाताने ओढून पाहिली. एका ठिकाणी ती अडकत अडकत येत होती. तिथे बाहेरच्या नळीला नाक लावलं तर जळक्या प्लास्टिकचा वास. आतलं नायलॉनचं लायनर वितळून तारेला चिकटलं होतं.

केबल एक्झॉस्टला लागत नव्हती, तिचा मार्ग बरोबर होता. मग मी सरांना विचारलं, "सर, सेल्फ कसा मारतो सकाळी?"

"थोडा सुस्त. पण अहो, बॅटरी जुनी झाली असेल. आधी क्लचचं बघा, बॅटरीचं नंतर बघू."

ते दोन वेगळे विषय नव्हते. सेल्फ मारताना छोट्या गाडीची स्टार्टर मोटर शंभराच्या वर अँपिअर ओढते. तो करंट बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून मोटरपर्यंत जाड वायरने येतो आणि परत जाण्यासाठी इंजिन-गिअरबॉक्सपासून बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत तेवढीच जाड अर्थची वायर लागते. इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेलं असतं, बॉडीला त्याचा थेट धातूचा संबंध नाही. अर्थची वायर तुटली किंवा जोडायची राहिली तर करंट मिळेल त्या धातूने बॉडीकडे जातो, आणि गिअरबॉक्स ते फायरवॉल असा तयार धातूचा दोर म्हणजे क्लच केबल. ॲक्सिलरेटरची केबल हा दुसरा. एवढा करंट तिथून गेला की तार तापते आणि आतलं नायलॉन मऊ होतं. सेल्फ सुस्त मारणार, कारण वाट अरुंद.

मल्टिमीटर व्होल्टवर लावला, एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह पोलवर, दुसरं गिअरबॉक्सच्या उघड्या धातूवर. पोराने सेल्फ मारला. १.८ व्होल्ट. चांगल्या अर्थला हा आकडा अर्ध्या व्होल्टच्या बराच खाली हवा. खाली हात घालून चाचपलं तर अर्थ वायरचा गिअरबॉक्सकडचा टॅग (बोल्टखाली बसणारी टोकाची कडी) कुठल्याच बोल्टखाली नव्हता, वायरिंगच्या मागे तसाच पडून होता. गिअरबॉक्स उतरवताना सुटलेला आणि परत लागला नाही तो. टॅग आणि त्याची जागा घासून चकचकीत केली, बोल्ट आवळला. पुन्हा सेल्फ: ०.१५ व्होल्ट, आणि मोटरचा आवाजच बदलला. बॅटरी बदलायची गरज पडली नाही.

आधीच्या गॅरेजने जुनी केबल जड झाली म्हणून काढली, तीही याच कारणाने गेली असणार. अर्थ न बघता नवीन टाकली, म्हणून नवीनही भाजली. आम्ही पुन्हा नवीन केबल घातली, अर्थ लावल्यानंतर. तिच्यात वरून ऑइल ओतलं नाही. नायलॉन लायनरच्या केबलला त्याची गरज नसते, वर धूळ चिकटून ती लवकर खराब होते. ग्रीस फक्त पेडलच्या हुकाला आणि आर्मच्या पिनेला. वळणं मोठी ठेवली, नळीची टोकं दोन्हीकडे पूर्ण बसलेली पाहिली, आणि फ्री प्ले पुन्हा २० वर आणला.

८०० चं उत्पादन जानेवारी २०१४ मध्ये बंद झालं, तरी पार्ट अजून सहज मिळतात आणि ही गाडी न येणारा मिस्त्री शोधून सापडणार नाही. त्यामुळेच तिच्यावर काम करताना कोणी पट्टी हातात घेत नाही. सगळं हाताला पाठ असतं, आणि पाठ असलेल्या कामात ठिपका बघायचा राहतो.

सरांना सांगून ठेवलं होतं की हजारेक किलोमीटर झाले की फ्री प्ले एकदा मोजून घ्यायचा. नवीन लायनिंग बसताना तो थोडा कमी होतो, नवीन केबल ताणताना थोडा वाढतो, आणि दोन्हींची बेरीज काय येईल ते मोजल्याशिवाय कळत नाही. ते पुढच्या खेपेला येऊन गेले. १७ मिलिमीटर निघाला. चालण्यासारखा होता, पण घाटातला वापर बघता अर्धा फेरा नट सैल करून परत २० केला. सेल्फ मारताना अर्थवरचे व्होल्टही पुन्हा पाहिले, ०.२ च्या आतच होते. रिलीज बेअरिंग इतके दिवस टेकून फिरलं होतं म्हणून त्याच्या आवाजाची मला धास्ती होती. पेडलवर नुसता पाय टेकवून ऐकलं, सध्या तरी शांत आहे. आवाज सुरू झाला तर मात्र गिअरबॉक्स उतरवावाच लागेल, हे सरांना बिलावरच लिहून दिलं.